पणजी कॉर्कची की केरीची?

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"सप्रेम नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, आता बरीच वर्षं अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला राहते. नवरा आयरिश वंशाचा. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या घराण्याचं संमेलन आहे आणि वंशवृक्ष तयार करायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलंय. सगळं अडलंय ते नवऱ्याच्या पणजीपाशी. डीलिया तिचं नाव. तरुणपणी एकटी आयर्लंडहून आली, वूस्टरला एका श्रीमंत घरी कामाला राहिली, इथेच १८९९ मध्ये तिचं लग्न झालं. घरच्या बायबलमध्ये तिचा जन्म १७ मार्च १८७८ असा लिहिलाय. १९०० च्या जनगणनेत मात्र फेब्रुवारी १८७५ आणि आगमन १८९४. १९१० च्या गणनेत वय ३२, आगमन १८९६. १९२० मध्ये वय ४०. थडग्यावर १८८०–१९५१, 'कॉर्क कौंटी'. मृत्यूच्या दाखल्यावर जन्मस्थान 'केरी'. चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीचा उतारा मिळाला, त्यात 'धर्मप्रांत केरी'. शिवाय १९१० च्या कागदावर 'सहा मुलं झाली, चार हयात' असं आहे, आणि घरात सगळ्यांना चारच माहीत आहेत.

आमच्या आतेसासूबाई ८८ वर्षांच्या आहेत, डीलियाची नात. त्या ठाम सांगतात की आजी कॉर्कची, न्यूयॉर्कला एलिस बेटावरच्या स्थलांतरितांच्या केंद्रात उतरली आणि तिचं नाव डीलियाच होतं, ब्रिजेट कधीच नव्हतं. कागद दाखवले तर म्हणाल्या, 'तू माझ्या आजीला खोटं ठरवतेस.' इंटरनेटवर तिचे पाच वंशवृक्ष आहेत, पण आधार एकाचाही दिलेला नाही. डीलियाच्या भावाचा म्हणून एक फोटो आहे, त्यामागे ब्यूट, मोंटाना इथल्या स्टुडिओचा शिक्का आहे. त्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही.

यातला कोणता कागद खरा मानू? बाहेरून आलेल्या सुनेनं हे उकरून काढावं का? आणि नवरा विचारतोय, यातून आयरिश नागरिकत्व मिळेल का?"

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. ब्यूटचा शिक्का. त्यापासूनच सुरुवात करते.

आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला समुद्रात घुसलेलं बेरा नावाचं द्वीपकल्प आहे. तिथे ॲलिहीज गावी १८१२ पासून तांब्याच्या खाणी होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्या बसत गेल्या आणि तिथले खाणकामगार जे निघाले ते मोठ्या संख्येनं मोंटानातल्या ब्यूटला पोचले, कारण तिथेही तांबंच निघत होतं. १९०० च्या सुमारास ब्यूटची जवळजवळ पाव लोकसंख्या आयरिश होती आणि त्यातले कितीतरी बेराचे होते. तुमच्या नवऱ्याच्या घराण्याचं जे आडनाव तुम्ही कळवलं आहे (ते इथे छापत नाही) ते त्या भागात घरोघरी सापडतं.

आता नकाशा बघा. बेराचा दक्षिणेकडचा मोठा भाग कॉर्क कौंटीत येतो, उत्तरेकडची केनमेअरच्या बाजूची पट्टी केरी कौंटीत. पण कॅथलिक चर्चची हद्द सरकारी हद्दीप्रमाणे नाही. कॅसलटाउनबेअर, आयरीज, ॲलिहीज ही गावं सरकारदरबारी कॉर्कची असली तरी तिथली धर्मग्रामं केरीच्या धर्मप्रांतात मोडतात. म्हणजे आयरीजला जन्मलेली मुलगी धर्मगुरूंना 'केरी धर्मप्रांताची' म्हणून सांगेल आणि बाकी जगाला 'कॉर्कची' म्हणून, आणि दोन्ही खरं असेल. मृत्यूच्या दाखल्यावरचं 'केरी' हे बहुधा अशाच कुठल्या तरी चर्चच्या कागदावरून किंवा घरात ऐकलेल्या शब्दावरून आलं असणार.

हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. आणखी एक शक्यता जमेला धरा. कॉर्क कौंटीतलं क्वीन्सटाउन, म्हणजे आताचं कोव्ह, हे अमेरिकेला जाणाऱ्या जहाजांचं मोठं बंदर होतं. लाखो माणसं तिथूनच निघाली. 'आजी कॉर्कहून आली' हे वाक्य बंदराबद्दल सुरू होऊन दोन पिढ्यांत जन्मगावाबद्दल झालं, असं आयरिश घराण्यांत अनेकदा घडलेलं आहे. त्यामुळे ती मूळची केरी कौंटीची असणं अजून नाकारता येत नाही. पण ब्यूट, कॉर्क, केरी धर्मप्रांत आणि ते आडनाव, या चारही गोष्टी एकाच वेळी जिथे नांदतात अशी जागा बेरासारखी दुसरी नाही. शोधाची सुरुवात तिथूनच करा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कोणता कागद खरा. मला वाटतं प्रश्नच जरा बदलून घ्यायला हवा. सबंध कागद खरा किंवा सबंध खोटा असं क्वचितच असतं. एकाच दाखल्यावरची मृत्यूची तारीख पक्की असते, कारण ती त्या दिवशी डॉक्टरनं लिहिली, आणि त्याच दाखल्यावरचे आईवडील चुकीचे असू शकतात, कारण ते जावयानं सांगितले. म्हणून कागदागणिक नव्हे, कागदावरच्या एकेका नोंदीगणिक विचारा: हे कुणी सांगितलं? त्याला ते कुठून माहीत? घटनेनंतर किती वर्षांनी सांगितलं? आणि वेगळं सांगण्यात त्याचा काही फायदा होता का?

वयापासून घ्या. १९०० मध्ये २५, १९१० मध्ये ३२, १९२० मध्ये ४०, आणि थडग्यावरच्या सालाप्रमाणे १९५१ मध्ये ७१. १९२० पर्यंत दर दहा वर्षांत डीलिया सात-आठ वर्षांनीच मोठी होते आहे. हा गोंधळ वाटतो, पण त्याला सरळ दिशा आहे, आणि तीच आपल्या कामाची. वय हळूहळू कमी सांगितलं गेलं की सगळ्यात जुनी नोंद सत्याच्या सगळ्यात जवळची असण्याची शक्यता मोठी. त्यात १९०० च्या अमेरिकन जनगणनेत नुसतं वय न विचारता जन्माचा महिना आणि साल विचारलं होतं. फेब्रुवारी १८७५ ही म्हणूनच माझ्या दृष्टीनं सगळ्यात वजनदार नोंद. तरी १८७३ ते १८७७ एवढी रुंद चाळणी लावा. १९२० पर्यंतच्या गणनेत माहिती कुणी दिली हे लिहिलेलं नसतं. ती स्वतः असेल, नवरा असेल, नाहीतर खालच्या मजल्यावरची शेजारीण. १९४० च्या गणनेत मात्र माहिती देणाऱ्याच्या नावापुढे वर्तुळात फुली मारलेली असते. ती अवश्य काढून बघा. १९५० चीही गणना २०२२ पासून खुली आहे आणि डीलिया तेव्हा हयात होती.

बायबलमधल्या १७ मार्चबद्दल मला शंका आहे. तो संत पॅट्रिकचा दिवस. ज्या घरात वाढदिवस साजरे होत नव्हते आणि तारीख कुणी लक्षात ठेवली नव्हती, त्या घरातल्या माणसाला परदेशात कागदावर तारीख लिहायची वेळ आली की मोठ्या सणाचा दिवस सांगितला जाई. एक गोष्ट करा: त्या बायबलच्या मुखपृष्ठामागच्या पानावर छपाईचं साल बघा आणि नोंदींची शाई बघा. १९२० साली छापलेल्या पुस्तकात १८७८ चा जन्म असेल आणि सगळ्या नोंदी एकाच हातानं, एकाच शाईनं उतरलेल्या असतील, तर ती त्या काळची नोंद राहत नाही. आठवणीतून एका बैठकीत लिहिलेली यादी होते. यादी म्हणून तिची किंमत आहेच, विशेषतः मुलांच्या जन्मतारखांसाठी.

नावाबाबत आतेसासूबाई आणि कागद दोघंही बरोबर आहेत असं माझं मत आहे. आयर्लंडमधल्या बाप्तिस्म्याच्या वहीत तुम्हाला 'डीलिया' बहुतेक मिळणार नाही. तिथे लॅटिनमध्ये 'ब्रिगिडा' असेल, सरकारी जन्मनोंदीत 'ब्रिजेट'. डीलिया, बेडीलिया, बायडी, ब्राइडी, बिडी ही सगळी ब्रिजेटचीच रूपं. अमेरिकेत त्या काळी 'ब्रिजेट' आणि 'बिडी' ही नावं आयरिश मोलकरणीला हिणवायला वापरली जात. मासिकांतली व्यंगचित्रं त्यांनी भरलेली असत. अशा घरी कामाला राहिलेल्या वीस वर्षांच्या मुलीनं आपलं नाव डीलिया असल्याचं सांगितलं आणि पुढे जन्मभर तेच लावलं, तर ते तिनं विचारपूर्वक निवडलेलं नाव आहे. वंशवृक्षावर डीलियाच मोठ्या अक्षरात लिहा.

एलिस बेटाबद्दल मात्र आतेसासूबाईंची आठवण तपासून घ्यावी लागेल. वूस्टरला येणारे पुष्कळ आयरिश लोक थेट बॉस्टनला उतरत, कारण क्वीन्सटाउनहून बॉस्टनला थेट बोटी होत्या. एलिस बेट पुढे इतकं प्रसिद्ध झालं की जो तो आपल्या पूर्वजाला तिथेच उतरवू लागला. न्यूयॉर्क आणि बॉस्टन, दोन्हींच्या प्रवासी याद्या बघा, आणि ब्रिजेट व डीलिया ही दोन्ही नावं घालून बघा. १८९३ च्या कायद्यानंतर या याद्यांत 'कुणाकडे जाणार' आणि 'तिकिटाचे पैसे कुणी भरले' असे रकाने आले. १८९४ असो की १८९६, डीलियाची नोंद त्यानंतरची आहे. 'वूस्टरला बहिणीकडे' एवढे शब्द जरी सापडले तरी मोठा आधार मिळेल. मात्र जहाजाच्या यादीत तिच्या नावाची, साधारण तिच्या वयाची पहिली मुलगी सापडली की थांबू नका.

हे मी इतक्या कळकळीनं का सांगते आहे, त्यासाठी ॲनी मूरची हकिकत ऐका. १ जानेवारी १८९२ ला एलिस बेटावरचं केंद्र उघडलं, तेव्हा तिथे नोंद झालेली पहिली व्यक्ती म्हणजे कॉर्कची ही मुलगी. दोन धाकट्या भावांना घेऊन ती क्वीन्सटाउनहून 'नेवाडा' बोटीनं आली होती आणि आईवडील न्यूयॉर्कमध्ये वाट बघत होते. तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं देण्यात आलं. त्या दिवशी तिचा पंधरावा वाढदिवस होता असं सांगितलं गेलं. कॉर्कमधल्या नोंदी सांगतात की ती सतरा वर्षांची होती आणि तिचा वाढदिवस मे महिन्यात असे. पुढे कित्येक वर्षं सगळे धरून चालले होते की ही ॲनी पश्चिमेला गेली आणि टेक्ससमध्ये १९२३ साली ट्रामखाली सापडून वारली. त्या घराण्याच्या वंशजांना समारंभांना बोलावलं गेलं. त्यांच्यातलं कुणी खोटं बोलत नव्हतं. घरात जे सांगत आले होते तेच त्यांनी सांगितलं. २००६ मध्ये मेगन स्मोलेन्याक या वंशशोधिकेनं दाखवून दिलं की टेक्ससची ॲनी मूर जन्मली इलिनॉयमध्ये. ती परदेशातून आलेलीच नव्हती. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कुठे गेलीच नाही. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाच्या गरीब वस्तीत तिनं संसार केला, १९२४ मध्ये वारली आणि क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत नावाच्या दगडाशिवाय पुरली गेली. दगड बसला २००८ मध्ये. इतकी प्रसिद्ध मुलगी, जिचे पुतळे एलिस बेटावर आणि कोव्हला उभे आहेत, तिच्याबाबतीत असं होऊ शकतं. नाव जुळलं, वय साधारण जुळलं, आणि दुसरीचा जन्म कुठला हे फार काळ कुणी तपासलंच नाही.

तर तुमची वाट अशी असावी असं मला वाटतं. आधी अमेरिकेतलं सगळं संपवा, आयर्लंडला नंतर जा. लग्नाचा तुमच्याकडे चर्चमधला उतारा आहे. सरकारी नोंद वेगळी असते. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची राज्यपातळीवरची नोंदणी १८४१ पासून आहे आणि विवाहाच्या नोंदीत वधूच्या आईवडिलांची नावं असतात, आईच्या माहेरच्या आडनावासकट. ही माहिती डीलियानं स्वतः, तरुणपणी, आई बहुधा हयात असताना दिलेली. मृत्यूच्या दाखल्यावरच्या आईवडिलांपेक्षा मी तिच्यावर कितीतरी जास्त विश्वास ठेवीन. तिच्या नागरिकत्वाचे कागद शोधण्यात मात्र फार वेळ घालवू नका. २२ सप्टेंबर १९२२ पूर्वी बायकोला नवऱ्याबरोबर आपोआप नागरिकत्व मिळे, त्यामुळे तिची स्वतंत्र फाइल बहुधा नसेलच.

आईचं माहेरचं आडनाव हाती आलं की आयर्लंडची दारं उघडतात. आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्म-मृत्यू-विवाहाची सक्तीची नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली, आणि जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं. जुन्या वह्यांची छायाचित्रं आयरिश सरकारच्या 'आयरिश जीनिऑलॉजी' या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. केरी धर्मप्रांतातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीही तिथेच आहेत, आणि धर्मग्रामांच्या मूळ वह्यांची पानं डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं २०१५ पासून खुली केली आहेत. बेरासाठी नोंदणीचा विभाग 'कॅसलटाउन' निवडा, उत्तरेकडच्या पट्टीसाठी 'केनमेअर'. हे विभाग जुन्या पुअर लॉ युनियनच्या (गरिबांच्या मदतीसाठी आखलेल्या विभागांच्या) हद्दीवर बेतलेले आहेत.

एकट्या ब्रिजेटला शोधू नका. त्या आडनावाच्या ब्रिजेट दरवर्षी अनेक जन्मल्या असतील. जोडप्याला शोधा. बापाचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव धरून त्यांची १८६४ ते १८९० मधली सगळी मुलं एका कागदावर मांडा. त्यात फेब्रुवारी १८७५ च्या आगेमागे ब्रिजेट आहे का? ब्यूटच्या भावाचं नाव आहे का? जन्मनोंद आणि बाप्तिस्मा यांच्या तारखा जुळल्या नाहीत तर घाबरू नका. जन्म नोंदवायची मुदत चुकली की दंड असे, म्हणून बाप पुढची तारीख सांगून मोकळा होई. बाळ जन्मण्याआधीच त्याचा बाप्तिस्मा झाला असं दाखवणाऱ्या नोंदी आयर्लंडमध्ये पुष्कळ आहेत. तिथे बाप्तिस्म्याची तारीख धरा.

मग १९०१ आणि १९११ ची आयरिश जनगणना. डीलिया तेव्हा अमेरिकेत होती, पण तिचे आईवडील आणि मागे राहिलेली भावंडं त्यात सापडतील. १९११ मध्ये विवाहित स्त्रियांना लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली आणि किती हयात आहेत हे विचारलं होतं. विधवांना ते लागू नव्हतं, तरी काहींनी भरलं आणि तपासनिसानं त्यावर रेघ मारली. रेघेखालचा आकडाही वाचा. तो तुमच्या यादीशी जुळला तर बरंच काम झालं. इथेही वयाची गंमत दिसेल, फक्त उलट्या दिशेनं: जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्यांना सरकारी पेन्शन मिळू लागलं, आणि १९०१ मध्ये ५६ असलेला माणूस १९११ मध्ये ७० चा झालेला आढळतो. १८६४ पूर्वी जन्मलेल्यांकडे जन्मनोंद नव्हती, त्यामुळे त्यांच्या बोलण्यावर बरंच भागे.

त्या आधीची आयरिश जनगणना जवळजवळ सगळी गेली. ३० जून १९२२ ला, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार जळालं आणि १८२१ ते १८५१ च्या गणनांचा बहुतेक भाग त्यात नष्ट झाला. १८६१ ते १८९१ च्या गणना सरकारनं स्वतःच नष्ट केल्या होत्या. डीलियासाठी याचा फारसा तोटा नाही. तिच्या आजोबांपर्यंत जायचं झालं तर ग्रिफिथच्या मोजणीचा आधार घ्यावा लागेल. १८४७ ते १८६४ या काळात झालेली ही जमीन-घरांच्या मूल्यांकनाची यादी टाउनलँडवार आहे, आणि टाउनलँड म्हणजे आकारानं आपल्या एखाद्या वाडीएवढं. एका टाउनलँडमध्ये एकाच नावाचे दोघं-तिघं असले की नावापुढे बापाचं नाव किंवा टोपणनाव लिहीत. हे टोपणनाव घराण्याच्या शाखेचंही असू शकतं, ते जपून उतरवून घ्या. पुढच्या काळातल्या फेरफारांच्या वह्यांवरून तीच जमीन कुणाकडे गेली हे विसाव्या शतकापर्यंत पाहता येतं.

आणि भावंडांकडे लक्ष द्या, हे मी पुन्हा सांगते. १९०७ पासूनच्या प्रवासी याद्यांत मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता लिहावा लागे. डीलियाची एखादी धाकटी बहीण किंवा भाची त्यानंतर वूस्टरला आली असेल तर 'बहीण डीलिया' आणि तिकडचा बापाचा पत्ता, दोन्ही एकाच ओळीत मिळू शकतात. डीलियाच्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी काढून गॉडमदर कोण होत्या ते बघा. त्यातली एखादी बहीण असणार. ब्यूटच्या भावासाठी तिथल्या ब्यूट-सिल्व्हर बो सार्वजनिक अभिलेखागाराला लिहा. त्याचा मृत्यूचा दाखला, आणि १९४२ साली ४५ ते ६४ वर्षांच्या पुरुषांची जी लष्करी नोंद झाली तिचं कार्ड बघा; त्यात जन्मस्थान लिहीत. बहिणीचा कागद वूस्टरला, भावाचा ब्यूटला, माहिती देणारी माणसं वेगळी, आणि दोन्हीकडे आईबापांची तीच नावं: असं जुळलं तर मी तो पुरावा मानीन. इंटरनेटवरचे पाच वंशवृक्ष एकमेकांवरून उतरवलेले असतील तर त्यांची पाच मतं होत नाहीत, एकच होतं, तेही निराधार. त्यांच्यातून सूचना घ्या, निष्कर्ष घेऊ नका.

आयर्लंडमध्ये योग्य वाटणारी ब्रिजेट सापडली की एक काम उरतं, आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. त्याच भागातल्या, त्याच वयाच्या बाकीच्या ब्रिजेटचं काय झालं ते शोधा. एखादी लहानपणी वारली असेल, एखादीचं गावातच लग्न झालं असेल, एखादी १९०१ मध्ये घरीच असेल. तुम्ही निवडलेलीच जर १९०१ मध्ये आयरीजला चुलीपाशी बसलेली सापडली, तर ती आपली डीलिया नव्हे.

डीएनए चाचणी करायची असेल तर नवऱ्याआधी आतेसासूबाईंची करा. त्या डीलियाची नात, त्यांच्यात तिचा सुमारे चौथा हिस्सा आहे; नवऱ्यात सुमारे आठवा. ब्यूटच्या भावाची नातवंडं असतील तर ती आतेसासूबाईंची दुसऱ्या पिढीची चुलत-आते भावंडं, आणि एवढं जवळचं नातं चाचणीत जवळजवळ नेहमीच दिसतं. बेरासारख्या लहान भागात घराणी पिढ्यान् पिढ्या एकमेकांत लग्नं करत आली, त्यामुळे जुळणी आहे त्याहून जवळची भासते हे ध्यानात ठेवा. आणि चाचणीतून अनपेक्षित नाती बाहेर येऊ शकतात हे त्यांना आधी नीट सांगा. त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच संपवा.

नागरिकत्वाचं लवकर आटोपते. आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील तर परदेशी जन्मनोंदवहीत नाव घालून नागरिकत्व मिळतं. आतेसासूबाईंना तो हक्क आहे. तुमच्या नवऱ्याची ती पणजी; त्याच्या जन्माआधी त्याच्या वडिलांनी अशी नोंद केली असती तरच त्याला मिळालं असतं.

आता आतेसासूबाई. त्या चौदा वर्षांच्या होईपर्यंत आजीच्या सहवासात होत्या. आज जिवंत असलेल्यांत डीलियाला ओळखणारं बहुधा त्यांच्याशिवाय कुणी नाही. त्यांना कागद दाखवून पटवायचा प्रयत्न सोडा. त्यांच्यापुढे बसा आणि त्यांना विचारा: आजी कुणाला पत्रं लिहायची? घरी कुणाकुणाची नावं यायची? आयरिश भाषेत काही म्हणायची का? प्रार्थनेत कुणासाठी प्रार्थना करायची? कुणी वारल्याचं कळलं म्हणून कधी रडली का? साल आणि गाव आठवताना माणूस चुकतो. ब्यूटचा काका ख्रिसमसला पैसे पाठवायचा, हे सहसा चुकत नाही. त्यांचं बोलणं त्यांच्या परवानगीनं रेकॉर्ड करा. आणि वय कमी सांगण्याबद्दल बोलणं निघालंच तर खरं तेच सांगा: त्या काळी जन्माचा दाखला जवळ नसायचा, लग्नात नवऱ्याहून मोठी असणं बायका लपवत, आणि जनगणनेला उत्तर देणारी व्यक्ती डीलिया असेलच असं नाही. आजीला खोटं ठरवण्याची त्यात गरज नाही.

ती दोन मुलं मात्र विचारपूर्वक हाताळा. १९०० आणि १९१० च्या दरम्यानच्या वूस्टरच्या जन्म आणि मृत्यूच्या नोंदीत ती मिळतील, बहुधा वर्षाच्या आतली. त्यांची नावं, तारखा आणि दफनाची जागा आधी शोधा. मग आतेसासूबाईंना एकट्यानं सांगा, संमेलनाच्या गर्दीत नव्हे. त्यांच्या आईची किंवा वडिलांची ती भावंडं आहेत आणि वंशवृक्षात त्यांची जागा आहे, पण ती नावं भिंतीवर वाचून त्यांना कळू नयेत.

सुनेनं उकरावं का, असं तुम्ही विचारलंत. ज्या घराण्यात तुमची मुलं वाढत आहेत त्याचं तुम्ही शोधता आहात, त्यात बाहेरचं काय आहे? उलट तुम्हाला कॉर्क किंवा केरी यातल्या कुणाचाच अभिमान जपायचा नाही, म्हणून तुम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवू शकलात. संमेलनापर्यंत पक्का निकाल लागला नाही तर वृक्षावर असं लिहा: 'डीलिया (बाप्तिस्म्याचं नाव बहुधा ब्रिजेट), जन्म सुमारे १८७५, आयर्लंडचा नैऋत्य भाग, बहुधा बेरा द्वीपकल्प.' खाली लहान अक्षरात बायबल, थडगं, दाखला आणि गणना यांच्यातलं जे ते जसंच्या तसं, कुठून आलं त्यासह. आतेसासूबाईंचं 'कॉर्क' त्यांच्या नावानिशी तिथे असू द्या.

लग्नाची सरकारी नोंद मिळाली की त्यातलं आईचं माहेरचं आडनाव मला कळवा. कॅसलटाउन विभागात त्या जोडप्याची मुलं कशी मांडायची, आणि एकाच नावाची दोन जोडपी निघाली तर कसं वेगळं करायचं, ते मग तुमच्याच नोंदी घेऊन बघू.